नाव घे, मूल ने

आत्याबाई,

त्या सकाळी तुमच्या दाराशी जो आला तो आधी आपलं नाव सांगत होता. तुम्ही बाहेरच्या खोलीत चटईवर निजलेल्या, नाकात कापूस, अंगावर ती नेहमीची पांढरी चादर. आणि पोट सुटलेले, डोक्यावरचे केस गेलेले बाप्ये आणि केस पिकलेल्या बाया दारात चपला काढून हळूच म्हणत होती, "आत्याबाई, मैं ओमप्रकाश." "आत्याबाई, मैं कमला. बिस्किट फॅक्टरीवाली लीला की कमला." तुमचा भाचा विनायक माझ्या कानाशी लागला, "मावशी, ये लोग किसको बता रहे हैं? तिला आता ऐकू येतं का?" दर्पण कॉलनीतले शेजारीही नवलाने बघत होते. मला मात्र नवल वाटलं नाही. तुमच्या दाराशी नाव न घेता उभं राहायची सवयच आम्हाला कुणाला नाही.

मी तेवढी गप्प होते. मला जे नाव घ्यायचं होतं ते मला माहीत नाही. ते एकट्या तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही ते बरोबर घेऊन गेलात. आज तुमचा बारावा झाला, विनायकाकडे पंगत उठली, आणि घरी येऊन मी हे लिहायला बसले. रागानेच बसले आहे म्हणा ना. तुमच्यासारख्या बाईवर रागवायलाही माणूस जिवंत लागतं, हे मला उशिरा कळलं.

पंगतीत कुणीतरी आठवण काढली की ग्वाल्हेरच्या अर्ध्या लष्कर भागाला तुम्ही एकच वाक्य सुनवायच्या: "शिकवू नको मला, तुझ्या बारशाला जेवलेय मी." बाकीचे हे नुसतं बोलायचं म्हणून बोलतात. तुमच्या बाबतीत ते खरंच होतं.

मी तुमच्याकडे आले तेव्हा दरबारचं राज्य जाऊन मध्यभारत आला होता, आणि फूलबागेकडच्या रस्त्यावरच्या त्या बैठ्या इमारतीवर कुठली पाटी लावायची ते अजून ठरायचं होतं. एका अंगाला बाळंतिणींचा वॉर्ड, दुसऱ्या अंगाला पाळण्यांची लांब खोली, मध्ये अंगण आणि हातपंप. लोक एकाला जच्चाखाना म्हणत आणि दुसऱ्याला झूलाघर. पाळणाघर म्हणणाऱ्या आपण मराठी बायकाच तेवढ्या. मी मॅट्रिक झालेली, दौलतगंजातल्या दरबारी पुजाऱ्यांच्या घरची नवी सून. मुलांना गाणी शिकवायला म्हणून मला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या हातात ओल्या दुपट्यांची बादली दिलीत. "गाणी मग. पहिले हे वाळत टाक." मी फणकाऱ्याने टाकली, तर तुम्ही सगळी काढून पुन्हा झटकून टाकायला लावलीत.

त्या काळी मुलं बिननावाचीच यायची. गिरणीतल्या, कारखान्यातल्या बायका बाळंतपणातून उठून लवकरच कामावर जात. मूल पाळण्यात ठेवताना नाव विचारलं की म्हणत, मुन्ना. नाहीतर लल्ला. एका खोलीत इतके मुन्ना जमले की 'मुन्ना रो रहा है' म्हटलं की सगळ्या दाया चार दिशांना धावायच्या. मग एका संध्याकाळी एका मुन्नाची आई दुसऱ्याच मुन्नाला कडेवर घेऊन फाटकापर्यंत गेली. दोघंही गोबरे, दोघांचंही काजळ गालापर्यंत आलेलं, आणि बाई दिवसभराच्या कामाने अर्धी झोपेत. तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती तिथेच मातीत मटकन बसली आणि उठेचना. तुम्ही तिला एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र नियम केलात. मूल पाळण्यात जाईल ते नाव घेऊन, आणि संध्याकाळी आईने दारातून त्याच्या नावाने हाक मारल्याखेरीज ते तिच्या हाती द्यायचं नाही. मराठी बायकांना म्हणायच्या, "नाव घे, मूल ने." बाकीच्यांना, "नाम लो, बच्चा लो."

पण नाव ठेवणार कोण? आपल्यात बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. या बायकांच्या नणंदा होत्या कुठे? कुणाची भिंडकडच्या खेड्यात, कुणाची फाळणीत सिंधेत राहिलेली, जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नाही. मग तुम्हीच आत्या झालात. आईला आवडेल ते नाव विचारायचं, तिला सुचत नसेल तर आपण सुचवायचं, बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, नाव सांगायचं आणि 'कुर्रर्र' करायचं. मग रीतीप्रमाणे आम्ही सगळ्यांनी तुमच्या पाठीत गुद्दे घालायचे. त्या गुद्द्यांची बायकांना भारी मौज वाटे. दाईबाईच्या पाठीत गुद्दा घालायला मिळतोय, ही संधी कोण सोडणार! आपल्या बाळाच्या वेळी जुबेदा जरा बिचकली होती. "हमारे यहाँ तो कान में अज़ान देते हैं, आत्याबाई." तुम्ही म्हणालात, "तो पहले अज़ान, पीछे मैं. कान दो हैं." सगळ्यात जोराचा गुद्दा तिचाच बसला.

आमच्या घरी मात्र हे पचलं नाही. तुम्ही मराठ्यांच्या, फौजेतल्या घराण्यातल्या, आणि अगदी कोवळ्या वयात कपाळ पांढरं झालेल्या. दरबारने तुम्हाला नर्सिंग शिकवलं म्हणून तुम्ही चार भिंतींच्या बाहेर आलात. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "विधवेनं पाळण्याच्या दोरीला हात लावायचा? शुभ का अशुभ, काही आहे की नाही?" मी भोळेपणाने ते तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही बाटल्या उकळत होतात. मान वर न करता म्हणालात, "दोरीला कुठे लावते? मी तर कानाला लावते."

त्या संध्याकाळी मला अजून ऐकू येतात. पाच-साडेपाचला बायका फाटकातून यायच्या, केसांत कापसाचा भुगा, आणि दारात उभ्या राहून हाका मारायच्या. काही लाजायच्या. रामकलीला तर हाक मारताच येईना, कारण तिच्या सासूने पोराचं नाव हट्टाने सासऱ्याचंच ठेवलं होतं, आणि सासऱ्याचं नाव सून घेणार कशी? ती दारात उभी, पोरगा आत तिला बघून हात पसरून रडतोय, आणि तुम्ही नियमाला चिकटून. शेवटी तुम्ही पोराच्या दुसऱ्या कानात दुसरं नाव सांगून तो पेच सोडवलात. हळूहळू पोरंच शहाणी झाली. आपलं नाव ऐकलं की पाळण्यात उठून बसायची, दाराकडे तोंड करायची. इवलीशी मुलं, पण हजार आवाजांत आपलं नाव ओळखायची.

मग राज्य पुन्हा बदललं. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला, कचेऱ्या पेट्यांत भरून भोपाळला निघाल्या. आमचे हे सचिवालयात कारकून. तेही पुढे गेले घर बघायला. मला दिवस गेले होते म्हणून मी मागे राहिले. त्याच सुमारास नव्या खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले. सभ्य होते बिचारे. म्हणाले, सरकारी इमारतीत हे नामकरण वगैरे बरं दिसत नाही, बच्चों को नंबर दे दीजिए, सगळीकडे तसंच करतात. तुम्ही त्यांना पाळण्यांमधून फिरवलंत आणि म्हणालात, "साहब, आप नंबर पुकारिए. जो बच्चा हँसेगा, वो आपका." ते हसले, चहा प्यायले आणि गेले. त्यांनी वर काय कळवलं ते आपल्याला पुढे कळलंच.

माझा मुलगा त्याच वॉर्डात झाला. आठव्यातला, चिमणीएवढा. मला ताप भरला होता. त्याचं तोंड मला नीट आठवत नाही, आत्याबाई, हे मी तुमच्याखेरीज कुणापाशी बोलले नाही. एक कान आठवतो. डावा. वरची कड जराशी आत मुडपलेली. तुम्ही तो बोटाने उलगडायच्या आणि तो पुन्हा मुडपायचा. बारशाला माझ्या नणंदेला उज्जैनला बोलावणं धाडलं होतं. बारशापर्यंत तो थांबला नाही.

मला जाग आली तेव्हा तुम्ही पेला घेऊन बसला होतात. मी पाळण्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "पहिले चाय पी." मी प्यायले. तुम्ही सांगितलंत त्याआधीच मला कळलं होतं, पण तुम्ही सांगितलंत, सरळ, आडवळण न घेता. "गेला तो. पण नाव घेऊन गेला. कानात सांगितलंय मी, कुर्र पण केलंय."

बाहेर ओसरीवर सासूबाई दिरांना सांगत होत्या की बारशाआधी गेलेल्याला नाव नसतं, त्याचं सुतक धरायचं नाही, मोजायचंच नाही त्याला. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांची स्वतःची दोन तशीच गेली होती आणि त्यांनाही कुणीतरी हेच सांगितलं असणार. तुम्ही उठून दारात गेलात. तुमचा आवाज चढलेला मी त्या एकदाच ऐकला. "माझ्या झूलाघरात बिननावाचं कुणी नाही, काकू. असेल तुमच्याकडे." मग आत येऊन त्याला पाळणाघरातल्या चौकडीच्या दुपट्यात गुंडाळलंत, माझ्या मांडीवर थोडा वेळ ठेवलंत, आणि दिरांच्या हाती दिलंत. साऱ्या जगाने नाही म्हटलेल्या माझ्या मुलाला तुम्ही माणसांत धरलंत. ते ऋण मी विसरलेले नाही. आजचा राग त्याच्यापुढे काहीच नाही, पण आहे.

कारण मी विचारलं, काय नाव ठेवलंत? आणि तुम्ही म्हणालात, "ते त्याला सांगितलंय."

किती वेळा विचारलं असेल! बाटल्या उकळताना, दुपटी वाळत टाकताना. तुम्ही दर वेळी विषय बदलायच्या. वर्षभराने हुकूम आला. बाळंतिणींचा वॉर्ड मोठ्या इस्पितळात जायचा, आणि झूलाघर दुसऱ्या खात्याकडे; ते दुसरं खातं म्हणे अजून निघायचं होतं. आपण सगळ्या मराठी बायका जमलो, चांगल्या मराठीत अर्ज लिहिला, आणि नेऊन कुठे दिला? राजवाड्याच्या फाटकावर! राज्य जाऊन इतकी वर्षं झाली होती, दोनदा राजधानी बदलली होती, पण सरकार म्हणजे वाडा हे आपल्या हाडांत मुरलेलं. फाटकावरच्या म्हाताऱ्या हुजऱ्याने अर्ज वाचला, डोळे पुसले आणि अगदी अदबीने परत दिला. "बाईसाहेब, हे आता भोपाळला द्यावं लागतं." परत येताना टांग्यात तुम्ही हसत सुटलात. मग आम्हीही हसलो. भोपाळला अर्ज गेला तोवर पाळणे सामानाच्या यादीत मोजून झाले होते.

शेवटच्या संध्याकाळी बायकांनी एकेक करून हाका मारल्या. एकेक मूल गेलं. खोलीत नुसते पाळणे राहिले तरी तुम्ही दारातच उभ्या. मी जवळ गेले. म्हटलं, "आत्याबाई, सगळ्यांनी आपापली मुलं नेली. माझं द्या."

तुम्ही हाताशी आलेल्या पाळण्यातलं दुपटं उचलून त्याची घडी घातलीत. मग म्हणालात, "नको ना ग. मी बघितलंय. नाव मालूम झालं की बाई हाका मारत बसते, आणि पुढच्या लेकराला अर्धीच आई मिळते. तू जा भोपाळला. घर मांड."

"आणि नाव नसलं की हाक थांबते?" मी विचारलं. तेवढ्यात सामान न्यायला हातगाडीवाला आला, तुम्ही त्याच्यावर ओरडायला गेलात, आणि आपलं भांडण तिथेच राहिलं. ते आजवर तिथेच आहे.

पुढे माझ्या मुलीच्या, नलूच्या वेळी मी हट्टाने बाळंतपणाला ग्वाल्हेरला आले. बारशाआधी तुम्हाला विचारलं, मुलगा झाला असता तर मी सुधाकर ठेवणार होते, ते चाललं असतं का? तुम्ही डाव ओळखलात. "चाललं असतं," म्हणालात. म्हणजे सुधाकर नव्हे; गेलेल्याचं नाव तुम्ही पुन्हा ठेवू दिलं नसतंत. मग मला तो चाळाच लागला. सुट्टीत आले की भाजी निवडता निवडता मध्येच नाव टाकायचे. माधव? अरविंद? शेजारच्या लग्नात नवऱ्या मुलाचं नाव ऐकलं की तुमच्याकडे बघायचे. तुमचा चेहरा म्हणजे कुलूप. एकदा 'वसंत' म्हटल्यावर तुमच्या हातातली शेंग क्षणभर थांबली, असं मला वाटलं. वर्षभर मी मनात वसंत वसंत करत राहिले. पुढच्या खेपेला तुम्हीच सांगितलंत, "ते पण नाही. शेंगेत अळी होती." आपण दोघी इतक्या हसलो की विनायकाची बायको धावत बाहेर आली. अशा गोष्टीवर हसता येतं, हेही मी तुमच्याकडूनच शिकले.

नलूला पुरी आई मिळाली का, ते तिलाच विचारायला हवं. मला वाटतं, मिळाली. तेव्हा कदाचित तुमचं बरोबर असेल. पण माझंही चूक नव्हतं, आत्याबाई. नाव नसलं म्हणून हाक थांबत नाही. ती नुसतीच निघते, आणि कुणीच मान वळवत नाही.

हे रिटायर झाल्यावर आम्ही लष्करला परत आलो तोवर तुमचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग वार, मग विनायकाचं नाव. मला भीती वाटायची, ती तुमच्यासाठी नव्हती, स्वतःसाठी होती. जगात एकाच डोक्यात माझ्या मुलाचं नाव होतं, आणि ते डोकं रोज थोडं थोडं रिकामं होत होतं. विनायकाची बायको म्हणाली, "मावशी, आता विचारून घ्या. अब तो सब सच-सच बोल देती हैं." मी गेले तेव्हा अगदी विचारायचंच ठरवून गेले होते.

संध्याकाळची वेळ होती. तुम्ही दाराकडे तोंड करून खुर्चीत बसला होतात, आणि मी उंबऱ्याशी चप्पल काढली. तुम्ही मला ओळखलं नाहीत. कडक आवाजात म्हणालात, "कोणाचं मूल न्यायला आलीस?"



"माझं," मी म्हटलं.

"मग नाव घे ना. अशी का बघून राहिली?"

"नाव मालूम नाही, आत्याबाई."

तुम्ही मला नीट न्याहाळलंत. मला वाटलं आता रागवाल, नियम सांगाल. तुम्ही खुर्चीवरचा हात उचललात आणि आपल्याच मांडीवर थोपटायला लागलात, हळू, तान्ह्याला थोपटतात तसं. "बरं. बस मग," म्हणालात. "झोपलाय तो. उठला की देते."

मी बसले. विचारायला आलेलं काही विचारलं नाही. दिवे लागेपर्यंत तुम्ही थोपटत होतात आणि मी तुमच्या हाताकडे बघत होते. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही नाव दडवलंत. तुम्ही तर माझा मुलगाच सांभाळत होतात. त्यानंतर आठवडाभराने विनायकाचा फोन आला.

माझंही आता वय झालंय, आत्याबाई. गुडघे बोलतात, दात गेले. लवकरच मीही येईन त्या दाराशी, आणि तुम्ही तिथे उभ्या असालच, कारण तुम्हाला बसायची सवय नाही. नियम मला पाठ आहे. नाव घेतल्याखेरीज मूल मिळत नाही. माझ्यापाशी नाव एकच आहे, तुमचं. मी उंबऱ्याशी चप्पल काढून 'आत्याबाई' म्हणून हाक मारीन. तुम्ही ज्याला कडेवर घेऊन बाहेर याल, त्याचा डावा कान बघीन आणि घेऊन जाईन.